शिडांची वाट आणि बेटांचे मुक्काम

मुठेच्या काठी, जुन्या हिंगणे बुद्रुकच्या माळावर वसलेल्या पुण्याच्या ज्या उपनगराला आज कर्वेनगर म्हणतात, त्याचा आणि समुद्राचा वरवर पाहता काहीही संबंध नाही. मुठेचे पाणीदेखील पश्चिमेकडे पाठ फिरवून मुळेला, भीमेला आणि अखेर कृष्णेला मिळते व बंगालच्या उपसागरात विसर्जित होते. परंतु ज्या महापुरुषाने १९०० साली आपला अनाथ बालिकाश्रम या माळावर आणला आणि ज्यांच्या आडनावाने ही वस्ती ओळखली जाते, ते धोंडो केशव कर्वे दापोली तालुक्यातील मुरुडच्या पुळणीवर वाढलेले होते. मुरुडपासून दोनेक कोसांवर हर्णैचे बंदर आहे, आणि हर्णैसमोर भर पाण्यात सुवर्णदुर्गाचे बेट उभे आहे. या परिसरातील कितीतरी घरांतून जपून ठेवलेले कुलवृत्तांत उघडले, तर मूळ गावांच्या रकान्यात केळशी, आंजर्ले, गुहागर, हेदवी, श्रीवर्धन अशी समुद्राने भिजलेली नावे एकामागून एक येतात. ही कुटुंबे घाट चढून देशावर आली, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र घाट चढण्यापूर्वी, आणि पुढे मुंबईशी नोकरीचा व शिक्षणाचा संबंध जडल्यानंतरही, ती पिढ्यान्‌पिढ्या शिडाच्या तारवांतून, बेटाबेटांच्या आडोशाने, बायकामुलांसह आणि इष्टमित्रांसह प्रवास करीत होती, ही गोष्ट आपल्या सामूहिक स्मरणातून जवळजवळ पुसली गेली आहे.

याचे एक कारण असे की, आपल्या किनाऱ्याचा इतिहास आजवर बहुधा तोफेच्या बाजूने लिहिला गेला, उतारूच्या बाजूने फारसा लिहिला गेला नाही. खांदेरी म्हटले की वेढा आठवतो, जंजिरा म्हटले की सिद्दी, विजयदुर्ग म्हटले की जळलेले आरमार. हा इतिहास खरा आहे व अभिमानास्पदही आहे. परंतु ज्या बेटांना राजसत्तेने तट घातले, ती बेटे तटांपूर्वी हजार वर्षे आणि तट ढासळू लागल्यानंतरही मुक्कामाच्या जागा होत्या. घाटवाटेवर जसे धर्मशाळेचे स्थान, तसे या जलमार्गावर बेटाचे. हे कसे, ते समजावयाचे असेल तर प्रथम वाऱ्याचा आणि भरतीचा हिशेब पाहिला पाहिजे.

नारळी पौर्णिमेला समुद्र शांत झाल्याचे मानून कोळी त्याला नारळ अर्पण करतात आणि त्यानंतर नौका पाण्यात लोटल्या जातात. ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसाळी वाऱ्यापुढे शिडाचे कोणतेही लहान तारू उभे राहत नाही. म्हणून त्या काळात ती सारी खाडीत ओढून, झापांनी शाकारून ठेवलेली असत. एकदा हंगाम सुरू झाला, की मात्र या किनाऱ्यावर वारा आश्चर्यकारक नियमितपणाने वागतो. मध्यरात्र उलटल्यावर थंड झालेल्या भूमीवरून समुद्राकडे जो वारा सुटतो त्याला मतलई म्हणतात; तो सकाळ चढेपर्यंत वाहतो, मग काही काळ सारे निश्चल होते, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा जोर धरतो. मुंबईहून दक्षिणेस जाणाऱ्याला हा दुपारचा वारा पाठीशी मिळे. परंतु दाभोळहून वा हर्णैहून मुंबईस येणाऱ्याला तो थेट तोंडावर येई, आणि मग एक तर शीड फिरवीत, समुद्रात लांब तिरप्या फेऱ्या घालीत कष्टाने वर सरकावे लागे, अथवा एखाद्या बेटाच्या आग्नेयेस, त्याच्या पाठीआड, नांगर टाकून पुढच्या मतलईची वाट पाहावी लागे. तारू हाकणारा शहाणा तांडेल दुसरा मार्ग पत्करी. तारवात सामान असताना वेळ दवडणे परवडत नसे; तारवात बायकापोरे असताना मात्र वेळ दवडणे हेच कर्तव्य होते.

भरतीचे गणित तर प्रत्येक बंदरातील पोराला पाठ असे. तिथीचा अंक घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, आणि येईल त्या आकड्याच्या सुमारास मुंबईच्या बाजूला पूर्ण भरती समजावी: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे लहान भरती. पंचांग हे व्रतवैकल्यांसाठी असते असे देशावर मानले जाते. किनाऱ्यावर ते नौकानयनाचे कोष्टक होते, आणि एकाच पानावरून घरातील वडीलधारी माणसे एकादशी पाहत व तांडेल खाडीच्या तोंडावरील पाण्याची खोली जाणत असे. ही व्यवस्था किती साधी आणि किती निर्दोष होती, याचा विचार करताना मन आदराने भरून येते.

तारवांचे प्रकार अनेक होते. खाडीतल्या खाडीत होडी आणि पडाव, किनाऱ्याने फिरणारा मचवा, त्याहून मोठे गलबत, आणि लांबच्या व्यापाराला फत्तेमारी व शिबाड. बहुतेकांची रचना एकाच तत्त्वावर झालेली: सागाच्या फळ्यांचा सांगाडा, पुढे किंचित कललेली डोलकाठी, तिच्यावर तिरपे चढविलेले परबाण, आणि त्याला बांधलेले तिकोनी शीड. चौकोनी शिडाच्या युरोपीय जहाजाला मागून अथवा बाजूने वारा हवा असे. हे तिकोनी शीड मात्र वाऱ्याच्या बरेच जवळ तोंड करून चालू शके, आणि तळ उथळ असल्यामुळे जेथे मोठे जहाज रुतेल तेथे हा मचवा खुशाल आत शिरे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तट बांधावयास घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांनी तो थांबविण्यासाठी आपली जहाजे बेटाभोवती उभी केली, तेव्हा मायनाक भंडारी व दौलतखान या मराठा आरमाराच्या सरदारांच्या लहान नौका रात्रीच्या अंधारात थळच्या व नागावच्या खाड्यांतून सटकून बेटावर सामान पोचवीत राहिल्या, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी इंग्रजांची ‘डव्ह’ नावाची गुराब पकडली. या विजयाचे श्रेय शौर्याला आहेच. परंतु उथळ पाण्याचे आणि मतलईचे जे ज्ञान त्यामागे होते, ते लढाईसाठी मिळविलेले नव्हते. उतारू आणि मीठ, मासळी आणि नारळ वाहता वाहता कोळ्यांनी, भंडाऱ्यांनी, खारव्यांनी, गाबितांनी व दालदी मुसलमानांनी शतकानुशतके ते साठविले होते. राज्याने ते लढाईच्या प्रसंगी उपयोगात आणले.

मार्गाची प्राचीनता सांगावयाची तर पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात चौलचे बंदर ‘सेमिल्ला’ या नावाने येते. ऐहोळेच्या ६३४ सालच्या शिलालेखात पुलकेशी द्वितीयाने शेकडो नौका घेऊन पश्चिम समुद्राची लक्ष्मी अशा पुरीवर स्वारी केल्याचे वर्णन आहे. ही पुरी म्हणजे मुंबईजवळची घारापुरी की दंडाराजपुरी, याविषयी विद्वानांत मतभेद आहे. बोरिवलीजवळच्या एकसर गावातील वीरगळांवर वल्ह्यांच्या रांगा आणि डोलकाठ्या असलेल्या युद्धनौका कोरलेल्या आहेत, त्या शिलाहारांच्या काळातील. या नौका पाहिल्या म्हणजे मला वाटते, शिल्पकाराने त्या ऐकून कोरलेल्या नाहीत. तो स्वतः त्यांतून प्रवास केलेला माणूस असावा.

मुंबईहून निघालेल्या तारवाची बेटे क्रमाने येत. डावीकडे घारापुरी आणि करंजा मागे पडले, की थळच्या समोर खांदेरी आणि तिच्या जवळची उंदेरी. पहिली मराठ्यांची, दुसरी १६८० च्या प्रारंभी सिद्दीने बळकावलेली, त्यामुळे मधल्या चिंचोळ्या पाण्यातून जाणाऱ्या गरीब मचव्याला दोन्हीकडच्या तोफांचे भय. खांदेरीवर कोळ्यांचा वेताळ आहे. १८६७ साली तेथे दीपगृह उभारले गेले, आणि वेताळाच्या शेजारीच तो दिवा वाटसरूंना दिशा दाखवू लागला. पुढे अलिबागचा कुलाबा किल्ला, ज्याच्याकडे ओहोटीला पायी जाता येते आणि भरतीला होडी लागते. नंतर रेवदंड्याची खाडी ओलांडून राजपुरीसमोर जंजिरा, आणि त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी कांसा बेटावर बांधलेला पद्मदुर्ग. जंजिऱ्याला शिड्या लावण्याचे साहस करणाऱ्या लाय पाटलाची कथा परंपरेने सांगितली जाते: महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला असता, आम्ही दर्यावर्दी, पालखी घेऊन काय करणार, असे त्याने विनयाने कळविले, तेव्हा महाराजांनी एक गलबत बांधवून त्याचे नाव ‘पालखी’ ठेवले आणि ते त्याला दिले. दर्यावरील माणसाची प्रतिष्ठा कोणत्या वस्तूत असते, हे ओळखणाऱ्या राजाविषयी याहून अधिक काही सांगावयास नको.

सावित्रीच्या मुखाशी बाणकोट लागले, की मोठी तारवे तेथे थांबत आणि लहान पडाव भरतीबरोबर महाडपर्यंत आत जात. बाणकोटनंतर केळशी, आंजर्ले, आणि मग सुवर्णदुर्गाच्या आडोशाला वसलेले हर्णै. वायव्येचा दुपारचा वारा या बेटावर अडतो आणि पाठीमागचे पाणी लहान तारवांना निर्धास्त होते. याच कारणाने हर्णै हे बंदर झाले, आणि याच कारणाने किल्लाही झाला. कान्होजी आंग्र्यांच्या पराक्रमाचा उदय येथेच झाला. १७५५ च्या एप्रिलात पेशव्यांशी संगनमत करून इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने हा दुर्ग तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आणि पुढच्या वर्षी विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार भस्मसात झाले. तुळाजीची उद्दामगिरी कितीही असह्य झाली असली, तरी स्वतःच्या समुद्रावरील स्वतःचे बळ परक्यांच्या हातून नष्ट करविण्याचा तो निर्णय मला आजही क्लेश देतो. पुणे दरबारातील धुरीणांची कुळे बहुतांशी याच किनाऱ्यावरून आलेली होती, पेशव्यांचे मूळ गाव तर श्रीवर्धन. समुद्राची किंमत त्यांना परक्या माणसाने सांगण्याची गरज नव्हती.

सत्तेच्या या उलथापालथीत सामान्य उतारूच्या वाट्याला काय येई, हे दस्तकाच्या प्रकरणावरून कळते. पोर्तुगीजांनी या समुद्रावर फिरणाऱ्या प्रत्येक तारवाने आपला ‘कार्ताझ’ घ्यावा असा दंडक घातला होता; पुढे कान्होजींनी आपल्या दस्तकाचा हक्क तितक्याच निग्रहाने बजावला; सिद्दी आणि इंग्रज हेही आपापले परवाने देतच होते. म्हणजे एकाच नाखव्याला चार सरकारांचे कागद जवळ बाळगावे लागत, प्रत्येक बंदरावर जकात भरावी लागे, आणि कोणता कागद कोणापुढे काढावयाचा हे समोरचे निशाण पाहून ठरवावे लागे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणी नौकांचा आकार, लाकडाची निवड आणि रयतेची झाडे बळाने न तोडण्याची ताकीद यांबरोबरच दर्यावरील सावकारीला अभय देण्याचाही विचार केलेला आहे, तो याच परिस्थितीतून आलेला. नौका चालावयाची तर तोफेइतकाच कौलाचा विश्वास लागतो, हे अमात्यांनी पुरते जाणले होते.

१८१८ नंतर बहुतेक कोकणपट्टी इंग्रजांच्या अमलाखाली आली आणि हा जलमार्ग खऱ्या अर्थाने कुटुंबांचा झाला. तत्पूर्वी स्त्रिया व मुले समुद्राने जात नसत असे नव्हे. परंतु आता चाच्यांचे भय सरले होते आणि मुंबई माणसांना बोलावीत होती. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी बांधविलेला भाऊचा धक्का हा या सर्व आगमनाचा उंबरठा झाला. पुणेकरही या उंबरठ्यावरूनच मुंबईत शिरत. १८३० साली बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला, तरी तो खोपोलीवरून पनवेलपर्यंतच कामाचा होता. पनवेलच्या बंदरात ओहोटीची वाट पाहावयाची, पडावात बसावयाचे, आणि घारापुरीच्या बाजूने खाडी उतरून मुंबई गाठावयाची, असा क्रम असे. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी पूर्णपणे सुरू झाल्यावर पुण्याचा समुद्राशी असलेला हा दैनंदिन संबंध तुटला. देशावरच्या माणसाच्या मनातून समुद्र पुसला जाण्याचा आरंभ मी त्या वर्षापासून धरतो.

कोकणच्या घरांना मात्र रेल्वे नव्हती. भाद्रपदातील गणपतीला, शिमग्याला, लग्नामुंजीला एकेका वाडीतील चारपाच बिऱ्हाडे मिळून मचवा ठरवीत. सामानात वळकट्या, पितळी डबे, दशम्या आणि पाण्याचे हंडे; वृद्ध माणसे डोलकाठीपाशी, लेकुरवाळ्या बायका मागच्या बाजूला झापांच्या सावलीत. वारा अनुकूल असेल तर मुंबई ते हर्णै हे सुमारे ७० सागरी मैलांचे अंतर एका अहोरात्रात कापले जाई. वारा पडला, तर दोन आणि तीन दिवसही जात. बोट लागलेल्यांचे हाल होत, पाणी मोजून वापरावे लागे. तरीही मुक्कामाच्या ठिकाणी, बेटाच्या आड नांगर पडल्यावर, खलाशी चूल पेटवीत आणि निरनिराळ्या घरांतील माणसे एकत्र जेवण्याचा प्रसंग येई, तेव्हा जमिनीवरचे सोवळ्याओवळ्याचे नियम काहीसे शिथिल करावेच लागत. ज्या समाजाने विलायतेस गेलेल्यांना समुद्रोल्लंघनाबद्दल प्रायश्चित्ते दिली, त्याच समाजातील भाविक कुटुंबे दरवर्षी अशी समुद्राने ये-जा करीत होती; किनारा दृष्टीआड झाला नाही म्हणजे धर्म टिकला, अशी सोयीची समजूत रूढ झाली होती. कर्व्यांनी तिलाही ओलांडले. १९२९ साली, वयाच्या सत्तरीनंतर, ते युरोप-अमेरिकेच्या प्रवासास निघाले, आणि त्यानंतर आपल्या महिला विद्यापीठासाठी निधी जमविण्याकरिता आफ्रिकेत हिंडून झांजीबारच्या बेटापर्यंत जाऊन आले. ईशान्येच्या वाऱ्यावर शिडाची गलबते हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून याच झांजीबारकडे शतकानुशतके जात आलेली होती.

पण मुरुडच्या याच मुलाच्या तारुण्यातील एक प्रसंग समुद्रमार्गाचे खरे महत्त्व अधिक स्पष्ट करतो, आणि तो त्यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मवृत्तात सांगितला आहे. १८७५ च्या सप्टेंबरात सहाव्या इयत्तेच्या परीक्षेस बसावयाचे होते. पावसाळ्याच्या त्या दिवसांत समुद्राचा भरवसा धरता येत नव्हता. तेव्हा सतरा वर्षांचा धोंडो सोबत्यांसह कुंभार्ली घाट चढून, भर पावसात, पाठीवर ओझे घेऊन शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्यास पोचला, आणि वय लहान दिसते या सबबीवर त्याला परीक्षेस बसू दिले गेले नाही. या प्रसंगात लोक त्यांची चिकाटी पाहतात, ती पाहण्याजोगी आहेच. मला त्यात हेही दिसते की, पाण्याची वाट बंद झाली की कोकणातील बुद्धिमान मुलापुढे जग किती दूर जात असे.

पुढे आगबोटी आल्या. त्या ठराविक बंदरांवरच थांबत आणि किनाऱ्यापासून दूर नांगर टाकीत; म्हणून शिडाचा पडाव उतारूंना आणण्यासाठी राहिला, आणि मचवा ज्या लहान खाड्यांकडे आगबोट वळत नसे तेथे राहिला. खलाशी बायकामुलांना पाठकुळी घेऊन गुडघाभर पाण्यातून वाळूवर आणून सोडीत, हे दृश्य विसाव्या शतकातही नित्याचे होते. परंतु यंत्राने एक गोष्ट बदलली: वाऱ्याची आणि ऋतूची आज्ञा मानण्याची गरज आता उरली नाही, असे माणसांना वाटू लागले. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या उधाणात, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्यांतली कितीतरी कुटुंबेच्या कुटुंबे सणासाठी गावी निघालेली होती. शिडाच्या युगात आषाढात मचवा बंदराबाहेर काढणारा तांडेल सापडला नसता. हे मी जुन्याच्या मोहाने म्हणत नाही. शिडाच्या तारवांनाही अपघात होत आणि त्यांतही माणसे जात. पण त्यांचा धोका ऋतूच्या मर्यादेने बांधलेला होता, आणि ती मर्यादा सर्वांनी एकमताने पाळलेली होती.

पुढे शिडाच्या मचव्यांतही यंत्रे बसली, रस्ते झाले, खाड्यांवर पूल आले, आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागेपर्यंत उतारूंच्या दृष्टीने हा लांबचा जलमार्ग जवळजवळ संपला होता. बेटे सहलीची ठिकाणे झाली.

एका बेटावर मात्र कुटुंबांचा समुद्राशी असलेला जुना करार अद्याप चालू आहे. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. चहूकडे खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि त्यांच्यामुळेच तेथे वस्ती राहू शकली. राजाराम महाराजांनी बांधविलेल्या शिवराजेश्वराच्या देवळाची पूजाअर्चा आणि किल्ल्याची चाकरी यांच्या निमित्ताने पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या घरांपैकी मोजकी कुटुंबे आजही तटाच्या आत राहतात. मे महिना सरता सरता मालवणच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या प्रवासी होड्या बंद होतात. त्यापूर्वी त्या घरांना धान्य, मीठ, सरपण आणि औषधे भरून ठेवावी लागतात, आणि नारळी पौर्णिमेच्या आगेमागे समुद्र उघडला, की पहिल्या होडीने माहेरवाशिणी, सोयरे आणि चाकरमानी पुन्हा बेटावर येऊ लागतात.